दिवाळीत सिटाडेलचा किल्ला करायचा का?

पिल्लू,

रविवारी इथे कॅनडात, हॅलिफॅक्सच्या सिटाडेल हिलवरचा किल्ला बघून खाली येताना गाडीत तू विचारलंस की आई, आपण दरवर्षी दिवाळीत किल्ला का करतो, आणि या वर्षी रायगडाऐवजी हाच केला तर चालेल का, हा आपल्या घराजवळ आहे, मी खराखुरा पाहिलाय, आणि मावळ्यांच्या जागी ते लाल कोट आणि किल्टवाले सैनिक ठेवू. मी नुसतं "बघू" म्हणाले आणि गप्प बसले. तुला वाटलं असेल मला आवडलं नाही. तसं नाहीये रे. प्रश्न दोन होते आणि दोन्हींचं नीट उत्तर द्यायचं होतं, गाडी चालवताना ते जमत नाही, म्हणून लिहितेय. सावकाश वाच, जोडाक्षर अडलं तर बाबाला विचार.

आधी किल्ला का करतो ते. नगरला आमच्या वाड्यात सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी दगड गोळा करायला सुरुवात व्हायची. विटा आणि दगड रचायचे, त्यावर ओलं गोणपाट टाकायचं, आणि गोणपाटावर कालवलेली माती थापायची. थापताना बोटांचे ठसे उमटतात ना, ते पुसायचे नाहीत, वाळल्यावर त्याच डोंगराच्या घळी दिसतात. मग गेरू, चुना, वर जायची वाट, पायथ्याशी ताटलीचं तळं, आणि उतारावर अळीव पेरायचे, ते तीन-चार दिवसांत असे तरारून वर यायचे की डोंगर पावसाळ्यातला वाटायचा. बाजारातून मातीचे मावळे आणायचे. त्यातल्या एकदोघांचे भाले दरवर्षी मोडलेले असायचे, त्यांना पहाऱ्यावर न ठेवता खालच्या बाजारात बसवायचो.

हे सगळं का, तर महाराजांचं राज्यच किल्ल्यांवर उभं होतं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, आणि पुढे ते एकेक करून परत मिळवले, त्यातला सिंहगड घेताना १६७० मध्ये तानाजी गेले, ती गोष्ट तुला पाठ आहे. १६७४ ला राज्याभिषेक झाला तोही रायगडावरच. या गोष्टी मोठ्यांनी सांगायच्या आणि पोरांनी ऐकलेलं मातीत करायचं, असं चालत आलंय. दिवाळीच्या सुट्टीत पाऊस संपलेला असतो, माती अजून मऊ असते, पोरं मोकळी असतात. आणि फराळाला जो येईल तो आधी किल्ल्यापाशी थांबणार, कुठला रे हा, असं विचारणार, आणि मग किल्ला करणाऱ्याने सगळी माहिती सांगायची, दरवाजा कुठे, पाणी कुठे, कोणी बांधला, कोण लढलं. आमच्या आजोबांचा नियमच होता, ज्याची गोष्ट सांगता येत नाही तो किल्ला करायचा नाही. मी एकदा नुसता मनाचा किल्ला केला होता, छान झाला होता, पण त्यांनी नाव विचारलं आणि मला सांगता येईना, तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून त्याचा शिवनेरी करून घेतला.

म्हणून सिटाडेल करायला माझी ना नाही. फक्त आलेल्या प्रत्येकाला तुला त्याची गोष्ट सांगता आली पाहिजे. ती अशी.

खाली जे बंदर दिसतं त्याला इथले मूळचे मिकमाक लोक जिबुक्तुक म्हणतात, म्हणजे मोठं बंदर. ते इथे हजारो वर्षं आहेत. १७४९ मध्ये एडवर्ड कॉर्नवॉलिस अडीचेक हजार माणसं घेऊन आला आणि त्याने मिकमाकांना न विचारता हॅलिफॅक्स वसवलं, कारण वर केप ब्रेटन बेटावर फ्रेंचांचा लुईबर्ग हा मोठा किल्ला होता आणि इंग्रजांना त्याच्यासमोर आपलं ठाणं पाहिजे होतं. मिकमाक लढले. तेव्हा कॉर्नवॉलिसने त्यांना मारणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. हे वाचायला वाईट वाटतं पण ते वगळून गोष्ट सांगू नकोस. त्याचा पुतळा डाउनटाउनच्या बागेत होता, तो २०१८ मध्ये काढला.

त्या टेकडीवर आपण पाहिला तो चौथा किल्ला. पहिला १७४९ चा, लाकडी ओंडक्यांचा. दुसरा अमेरिकेने इंग्रजांविरुद्ध बंड केलं तेव्हाचा. तिसरा प्रिन्स एडवर्डने १७९० च्या दशकात बांधला, हा व्हिक्टोरिया राणीचा बाप. तेही सगळं माती आणि लाकूडच, थंडीपावसात कुजलं, ढासळलं. मग १८१२ ला अमेरिकेशी पुन्हा युद्ध झालं, आणि पुढेमागे अमेरिकन परत येतील या धास्तीने १८२८ ला हा दगडी किल्ला सुरू केला. तो पुरा व्हायला १८५६ उजाडलं, म्हणजे अठ्ठावीस वर्षं! आपल्या बॅकयार्डच्या कुंपणाचे खांब दर हिवाळ्यात जसे वर उचलले जातात ना, तसंच तिथे भिंतीमागे पाणी गोठून नव्या भिंती फुगल्या, पडल्या, परत बांधाव्या लागल्या.

आता एक गंमत, तू विचारलं होतंस की समुद्र एकीकडे आणि खंदक मात्र चारी बाजूंना कशाला. कारण हा किल्ला जास्त करून जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी होता. समुद्राकडून येणाऱ्या जहाजांसाठी बंदराच्या तोंडाशी आणि मधल्या जॉर्जेस आयलंडवर वेगळ्या तोफा होत्या. पण शत्रू लांब कुठेतरी उतरून मागून चालत आला आणि ही टेकडी त्याच्या हातात गेली, तर खालची आरमाराची गोदी त्याच्या तोफांखाली उघडी पडली असती. टेकडी गेली की बंदर गेलं. रत्नागिरीला आपण भगवतीच्या देवळात गेलो होतो आठवतंय का, रत्नदुर्गावर, तिथल्या तटावरून तू बंदरातल्या बोटी मोजत होतास. तिथेही बंदर सांभाळायचं तर आधी वरची जागा हातात पाहिजे.

आणि तो काळोखा बोळ, जिथे तू माझा हात सोडत नव्हतास, तो खंदकाच्या बाहेरच्या भिंतीच्या पोटात आहे. त्याला ज्या अरुंद फटी आहेत त्यांना आपल्याकडे जंग्या म्हणतात. शत्रू खंदकात उतरला की समोरच्या तटावरूनही गोळ्या आणि पाठीमागूनही. त्या फटीला डोळा लावलास तेव्हा तुला फक्त समोरचा दगड आणि खालचं गवत दिसलं ना, बास, तेवढंच दिसायला पाहिजे होतं.

पण या किल्ल्यावर कधीच कोणी चालून आलं नाही. एकदाही नाही. पुरा होतोय तोवर लांब पल्ल्याच्या नव्या तोफा आल्या आणि असल्या दगडी भिंतींचे दिवस भरले. १९०६ ला इंग्रज फौज निघून गेली. पहिल्या महायुद्धात आत जर्मन कैदी ठेवले होते. ६ डिसेंबर १९१७ ला बंदरात दारूगोळ्याने भरलेलं माँ-ब्लाँ जहाज फुटलं, जवळपास दोन हजार माणसं गेली, शहराचा उत्तरेचा भाग सपाट झाला, आणि पुन्हा स्फोट होणार अशी अफवा उठली तेव्हा लोक पोराबाळांना घेऊन याच टेकडीकडे पळाले. दुपारी बाराची तोफ मात्र १८५७ पासून रोज वाजते, ख्रिसमसचा एक दिवस सोडून. माझ्या ऑफिसात ती ऐकू आली की सगळे डबे उघडतात.

आता तुझे लाल कोटवाले सैनिक. मी गप्प झाले ती यांच्यामुळे.

दरवाजावरच्या त्या मुलाला मी विचारलं होतं की तुझी रेजिमेंट कोणती, तर तो म्हणाला ७८ वी हायलँडर्स. ही स्कॉटिश पलटण सिटाडेलवर १८६९ ते १८७१ एवढीच होती, पण तिथे काम करणारी मुलं उन्हाळ्यात तिचाच गणवेश घालतात. त्या मुलाबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो कॉलेजचा मुलगा आहे, छान बोलला, तुला टोपीला हात पण लावू दिला. पण त्याने नाव घेतलं आणि मला एकदम नगरचा तट दिसला.

झालं असं होतं. १८०२ मध्ये होळकरांनी पुणं घेतलं तेव्हा दुसरा बाजीराव पेशवा पळून इंग्रजांकडे गेला आणि त्याने वसईला तह करून त्यांची फौज आपल्या घरात घेतली. मला हा तह आपल्या इतिहासातली सगळ्यात मोठी चूक वाटते. शिंदे आणि नागपूरचे भोसले यांना तो मान्य नव्हता, त्यातून युद्ध पेटलं. नगरचा किल्ला तेव्हा शिंद्यांकडे होता. ८ ऑगस्ट १८०३ ला इंग्रजांनी नगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावल्या, आणि शिड्या चढणाऱ्यांत ही ७८ वी पलटण होती. भिंत उंच होती पण वर उभं राहायला जागाच नव्हती, त्यामुळे चढलेले कित्येक तसेच कोसळले, तरी शेवटी पेठ पडली. चार दिवसांनी, १२ तारखेला, भुईकोट किल्ला त्यांच्या ताब्यात गेला. त्याच किल्ल्याच्या खंदकाच्या कडेने मी सायकलवर शाळेत जायचे. नेहरूंना १९४२ ला इंग्रजांनी कैदेत ठेवलं तेही तिथेच.

पुढे २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. असई हे आता जालना जिल्ह्यातलं खेडं आहे, दोन नद्यांच्या बेचक्यात. एकीकडे शिंदे-भोसल्यांची फौज, एकीकडे वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि ज्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. ७८ वी पलटण डाव्या टोकाला होती आणि मराठ्यांच्या तोफांवर तीच आधी येऊन भिडली. आपले गोलंदाज, म्हणजे क्रिकेटमधले नव्हे, तोफ डागणारे, शब्द तिथूनच आलाय, ते आपल्या तोफा सोडून हलले नाहीत. तोफेपाशीच मेले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि पलटण पुढे निघून गेल्यावर उठून त्याच तोफा फिरवून मागून डागायला लागले. आपण हरलो, पण वेलिंग्टनला म्हातारपणी विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर तो वॉटर्लू नाही म्हणाला, असई म्हणाला.

या पलटणीला त्या लढाईबद्दल मानाचं निशाण मिळालं, आणि त्यांच्या निशाणावर हत्ती आला, आणि हत्तीसोबत नाव, असई. म्हणजे जालना जिल्ह्यातल्या एका खेड्याचं नाव घेऊन हे लोक जगभर फिरले, आणि फिरत फिरत आपल्या घरापासून दहा मिनिटांवरच्या टेकडीवरही येऊन राहिले. उतारावरचं ते जुनं घड्याळ तुला आवडतं ना, प्रिन्स एडवर्डने करवून घेतलेलं, ते सुरू झालं २० ऑक्टोबर १८०३ ला. असईला तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता.

तर आता काय करायचं ते सांगते. सिटाडेल कर. चांदणीसारखा आकार, खोल खंदक, उतारावर घड्याळ, खाली निळ्या कागदाचं बंदर आणि बंदरात आधी मिकमाकांची होडी, जहाजं नंतर. लाल कोटवाले ठेव, ते तिथे होतेच. पण मावळ्यांच्या जागी ते नकोत, आणि महाराजांना सिटाडेलवर बसवायचं नाही. महाराज त्यांच्या गडावर बसतात. या वर्षी त्यांची मूर्ती बाजूला पाटावर राहील, आपण पणती लावू, फूल वाहू, आणि पुढच्या वर्षी रायगड करू तेव्हा ते वर जातील.

आणि खंदकाबाहेर एका कोपऱ्यात माती थापून सपाट जागा ठेव, तिथे कार्डावर असई लिही, एक तोफ ठेव, आणि आपल्या डब्यातला भाला मोडलेला मावळा आहे ना, ज्याचा हात रिकामा आहे, त्याला त्या तोफेशेजारी उभा कर. कोणी विचारलं की हा इथे कोण, तर त्याची गोष्ट आता तुला माहितीये.

गोणपाट गॅरेजमध्ये स्नो टायर्सच्या मागे आहे. माती या शनिवारीच आणू, नंतर जमीन गोठायला लागली की खणता येणार नाही. अळीव मात्र घरात ट्रेमध्येच पेरू, खिडकीपाशी, बाहेरच्या थंडीत ते उगवत नाहीत.

आई