एलटीस्पाइसमध्ये मॉस्फेटचा जीएम गेट व्होल्टेजप्रमाणे कसा प्लॉट करायचा?

एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये जीएमची (ट्रान्सकंडक्टन्सची) तयार ट्रेस, म्हणजे आलेखाची रेषा, मिळत नाही. डीसी स्वीप (व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलत नेणं) चालवून ट्रेसमध्ये डी(आयडी(एम1)) असं टाका, म्हणजे एम1 या मॉस्फेटच्या ड्रेन करंटचा डेरिव्हेटिव्ह. जीएमची व्याख्याच मुळी व्हीडीएस (ड्रेन-सोर्स व्होल्टेज) स्थिर ठेवून करंट व्हीजीएसप्रमाणे (गेट-सोर्स व्होल्टेजप्रमाणे) किती बदलतो अशी आहे, आणि डी() स्वीप होणाऱ्या राशीनुसारच डेरिव्हेटिव्ह काढतं. म्हणून मॉस्फेटची सोर्स पिन थेट ग्राउंडला, ड्रेनला ठरावीक व्होल्टेज आणि स्वीप गेटला जोडलेल्या व्होल्टेज सोर्सचा. सोर्स पिनला रेझिस्टर राहिला तर जीएम कमी दिसेल (प्रॅक्टिकलच्या सर्किटवर हेच होतं, तिथे तो बायसिंगसाठी असतोच). स्वीपची स्टेप 1 ते 5 मिलिव्होल्ट ठेवा. मोठी घेतलीत तर आलेख खडबडीत येतो. अक्षावर ओहमचा व्यस्त दिसला की समजा बरोबर आहे, तेच सीमेन्स. एकाच बायस पॉइंटचा आकडा हवा असेल तर ऑपरेटिंग पॉइंट चालवून कंट्रोल-एल दाबा, लॉगमध्ये जीएम छापलेला असतो.

फक्त पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या 2एन7000 मॉस्फेटवर हाच आलेख जुळेल असं धरू नका: डेटाशीटमध्येच त्याचा थ्रेशोल्ड (ज्या गेट व्होल्टेजला तो चालू व्हायला लागतो) 0.8 ते 3 व्होल्ट दिलाय.