इंग्लंडच्या खेड्यातल्या ‘पब’ला गुत्ता म्हणावं का?

प्रश्न असा: अनुवादासाठी घेतलेल्या इंग्रजी कथेत खेड्यातला जुना पब आहे. ‘पब’ लिहिलं तर मराठी वाचकाला पुण्यामुंबईतला अंधार, रंगीत दिवे आणि दणदणाट आठवतो. मग ‘दारूचा गुत्ता’ चालेल का?

अडचण खरी आहे, पण गुत्ता नको.

‘गुत्ता’ मुळात दारूचा शब्दच नाही. गुत्ता म्हणजे मक्ता. तेलुगूत ‘गुत्त’, कानडीत ‘गुत्तिगे’. मराठवाड्यात रस्त्याचं काम घेणारा आजही गुत्तेदारच. दारूविक्रीचा मक्ता सरकार लिलावात देई, तो घेणाऱ्याचं दुकान म्हणजे दारूचा गुत्ता. पुढे आपण नुसतं ‘गुत्ता’ म्हणू लागलो आणि त्या शब्दाला अशी बदनामी चिकटली, की गुत्त्यावर जाताना माणूस ओळखीच्यांची नजर चुकवतो.

‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चं छोटं रूप: सगळ्यांसाठी उघडं घर. आणि ते खरंच घर होतं. मध्ययुगात इंग्लंडमध्ये ‘एल’ नावाची बिअर घरोघर बनायची, बऱ्याचदा बायकाच बनवायच्या. विक्रीला काढली की दाराबाहेर काठी लावून खूण करायच्या. १५५२ च्या कायद्याने अशा घरांना परवाना सक्तीचा झाला, तरी घरपण राहिलं. पेटती शेकोटी, लाकडी बाकं, भिंतीवर डार्ट्सची चकती, शेतावरून थेट आलेली माणसं. तिथे कुणी नजर चुकवत नाही. उत्तर इंग्लंडच्या कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावच्या लोकांनी तर आपला ‘ओल्ड क्राउन’ पब २००३ मध्ये सहकारी तत्त्वावर विकत घेतला. गुत्त्यासाठी गावाने वर्गणी काढली, हे वाक्य मराठीत उभंच राहत नाही!

पबांची नावंही भाषांतरित करू नयेत. ‘रॉयल ओक’ला ‘शाही ओक’ केलं की गोष्ट हरवते. १६५१ मध्ये वूस्टरची लढाई हरल्यावर राजा दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलच्या ओक झाडावर लपला होता, त्याची ती आठवण. ‘लँडलॉर्ड’चं ‘घरमालक’ करणं ही त्याहून मोठी चूक. पबचा लँडलॉर्ड म्हणजे पब चालवणारा. इमारत पुष्कळदा बिअर कंपनीची असते आणि तो स्वतः तिचा भाडेकरू. ‘पबवाला’ म्हणा, चपखल बसतं.

या पबवाल्याला इंग्रजीत ‘पब्लिकन’ असंही म्हणतात, आणि इथे मला फार आनंद झाला. रोमन काळातला ‘पब्लिकानुस’ म्हणजे सरकारी महसुलाच्या वसुलीचा मक्ता घेणारा. मराठी बायबलमधले ‘जकातदार’ ते हेच. म्हणजे शब्दशः गुत्तेदार! पब चालवणारा हा अर्थ त्या शब्दाला अठराव्या शतकात मिळाला. दोन भाषांत मक्तेदाराचे शब्द वेगवेगळ्या वाटांनी दारूच्या दुकानापर्यंत पोचले. पण पोचले तेव्हा एकाला मान होता, दुसऱ्याला नव्हता. म्हणून ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

आपल्याकडची जवळची जागा हवीच असेल, तर गोव्यातल्या खेड्यातली घराच्या पुढच्या खोलीत चालणारी तावेर्न आठवा. पण तिथे फेणीचा वास येतो, इंग्लंडच्या कथेत तो नको. तेव्हा ‘पब’च ठेवा. पहिल्या उल्लेखात ‘गावचा जुना पब’ लिहा आणि त्याच वाक्यात शेकोटी किंवा बाक येऊ द्या. रंगीत दिवे आपोआप विझतील.