अमेरिकेत अण्वस्त्राजवळ एकट्याला जाऊ देत नाहीत, मग २००७ मध्ये सहा खरी अण्वस्त्रं चुकून विमानाला लावून नेली गेली, ती चूक झालीच कशी?

'दोन माणसांचा' नियम खराच आहे. दोघंही जाणकार हवेत, म्हणजे एकाने वेडंवाकडं केलं तर दुसऱ्याला कळावं. पण दोघांनीही बघितलंच नाही तर?

अमेरिकी हवाईदलाच्या मायनॉट तळावर तेच झालं. बी-५२ या बॉम्बफेकी विमानाला १२ क्षेपणास्त्रं लावली, सगळी नकली स्फोटकांची हवी होती. प्रत्येकाला बारीकशी खिडकी असते, टॉर्च मारून आत डोकवायचं, खरं की नकली ते बघायचं, बस्स. विमानातल्या अधिकाऱ्याने उजव्या पंखाखालची तेवढी तपासली. खरी सहा डाव्या पंखाखाली! ती लुइझियानात पोचली आणि सुमारे ३६ तास कुणाच्या हिशेबातच नव्हती. पुढच्या जूनमध्ये हवाईदलाचे सचिव आणि प्रमुख, दोघांनाही पद सोडावं लागलं.