एल्व्हेडन हॉल: तिकीट शोधू नका, पण जा जरूर

पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांची इंग्लंडमधली हवेली, एल्व्हेडन हॉल, आईंना दाखवायचीय, तिकीट कुठे काढायचं, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात कालवलं. मीही आईला असंच घेऊन गेले होते.

तिकीट नाहीच. हवेली खासगी आहे, आतून बघता येत नाही. मला हे फाटकाशी पोचल्यावर कळलं. पर्यटकांना माहिती देणाऱ्या एका कार्यालयात आधी फोन केला होता, तर तिथल्या बाईंनी "हो, उघडं असतं" म्हणून बेधडक सांगितलं. ते लेखी मागितलं नाही, ही माझी चूक. सत्त्याहत्तर वर्षांची आई गुडघ्याला पट्टा बांधून पावसात उभी. तक्रारीला दोन ओळींचं उत्तर आलं, त्यात साधं 'सॉरी'ही नाही. अजून राग जात नाही. कृपा करून फोनवर विसंबू नका, ईमेलवर उत्तर घ्या.

पण बेत रद्द करू नका. हवेलीजवळच्या चर्चच्या आवारात दुलीपसिंग, राणी बांबा आणि मुलगा एडवर्ड यांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. पाचव्या वर्षी लाहोरच्या गादीवर बसलेला, १८४९ मध्ये राज्य गमावलेला हा राजा. १८६३ मध्ये ही इस्टेट घेऊन त्याने हवेली आतून लाहोरच्या महालासारखी सजवली. १८९३ मध्ये तो पॅरिसला वारला, पुरलं मात्र इथे. (संगमरवरी दालन आणि घुमट नंतरचे, गिनेस घराण्याने बांधलेले.)

आम्ही नाशिकचे, म्हणून मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दुलीपसिंगांची आई, महाराणी जिंदकौर, १८६३ मध्ये लंडनला वारल्या. इंग्रज सरकार मुलाला पंजाबात जाऊ देईना, म्हणून पुढच्या वर्षी त्याने आईला नाशिकला आणून गोदाकाठी अग्नी दिला. १९२४ मध्ये नात बांबाने (दुलीपसिंगांची मुलगी, नाव आईचंच) अस्थी लाहोरला नेल्या. हे मी सांगितलं, तेव्हा आईने ओल्या दगडावर तळवा टेकवला आणि म्हणाली, "आई आपल्या गोदेवर, पोरगा इथे."

माझ्या मते अर्धा दिवस जवळच्या थेटफर्ड गावाला द्या. बटन आयलंडवर महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे. ॲन्शंट हाउस म्युझियमची वास्तू महाराजांचा मुलगा, राजपुत्र फ्रेडरिकने गावाला दिलेली. एल्व्हेडनला वाढलेली त्यांची मुलगी सोफिया पुढे बायकांच्या मताधिकारासाठी लढली, १९१० मध्ये संसदेवरच्या मोर्चात होती. तिच्याबद्दल आईंना आधीच सांगून ठेवा. म्युझियमचे वार आणि वेळा बदलतात, निघण्यापूर्वी बघा. आणि आईंसाठी घडीची खुर्ची गाडीत टाका, कबरींपाशी त्यांना बराच वेळ थांबावंसं वाटेल.