दर आठवी पट्टी मुकी
जुनी वाद्यं, वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांनी 1986 साली मस्कतहून आणलेला 49 पट्ट्यांचा कॅसिओ माळ्यावर पडून होता. सेल घातल्यावर सुरू झाला, पण सात पट्ट्या वाजत नाहीत. पहिल्या सप्तकातली पांढरी एक आणि काळी चार, दुसऱ्यातली पांढरी तीन, तिसऱ्यात परत पांढरी एक आणि काळी चार, चौथ्यात पांढरी तीन, आणि अगदी शेवटची पांढरी. दुकानदार म्हणाला, आयसी गेलाय, आता मिळत नाही, भंगारात द्या. देऊन टाकू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : अजिबात देऊ नका. पट्ट्यांची नावं लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत ‘मधल्या काही वाजत नाहीत’ एवढंच असतं, आणि मग मी इथे बसून तर्क लढवते.

आता काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून डावीकडून मोजा. तुमच्या मुक्या पट्ट्या म्हणजे पहिली, नववी, सतरावी, पंचविसावी, तेहेतिसावी, एकेचाळिसावी आणि एकोणपन्नासावी. दर वेळी आठाचं अंतर. धूळ इतकी हिशेबी नसते, झुरळंही नसतात.

कीबोर्डातली चिप, म्हणजे दुकानदाराचा ‘आयसी’, प्रत्येक पट्टीला वेगळी तार देत नाही, तेवढे पाय तिला परवडत नाहीत. नाट्यगृहातली खुर्ची जशी रांग आणि नंबर या दोहोंवरून सापडते, तशी प्रत्येक पट्टी एका आडव्या आणि एका उभ्या तारेच्या छेदावर असते. आठ आणि सात, अशा पंधरा तारांत 49 पट्ट्या भागतात. चिप या तारा एकामागून एक सतत चाचपत राहते आणि कुठे जोड लागला ते पाहून सूर काढते. तुमच्या आठांपैकी एक तार कुठेतरी तुटली आहे, म्हणून तिच्यावरच्या सातही पट्ट्या गप्प. दुसऱ्या बाजूची तार तुटली असती तर शेजारशेजारच्या आठ पट्ट्या एकदम गेल्या असत्या. काही मॉडेलांत जुळणी सहाची असते, तिथे दर सहावी पट्टी जाते. चिपचा नेमका तेवढा एक पाय आतून मेलेला असू शकतो, पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. दुकानदारांना तो सगळ्यात आधी सुचतो, कारण त्यासाठी स्क्रू काढावे लागत नाहीत.

सेल काढा, मागचे स्क्रू काढा. त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. जिथून काढले तसे कागदावर मांडून ठेवा, नाहीतर लांब स्क्रू भलत्या भोकात जाऊन वरचं प्लास्टिक फोडतो. पट्ट्यांखालच्या बोर्डाकडून मुख्य बोर्डाकडे जाणारी चपटी रिबन केबल दिसेल. मल्टिमीटर बीपवर ठेवून (जोड शाबूत असला की तो वाजतो) तिची एकेक तार दोन्ही टोकांना तपासा. एक बीप करणार नाही. दोष बहुधा केबलच्या मुळाशीच निघतो: तार वाकून तुटलेली, नाहीतर ड्राय सोल्डर, म्हणजे डाखाभोवती केसासारखी गोल चीर. जुना डाख थोडा काढून नवा द्या. केबल ठीक निघाली तर मुक्या पट्ट्यांना जोडणारी बोर्डावरची तांब्याची रेघ भिंगातून पाहत जा. वाद्य कधी पडलं असेल तर चीर तिथे सापडेल.

मुक्या पट्ट्यांत काहीच हिशेब लागला नाही तरच मळाकडे वळायचं. पट्ट्यांखाली रबराची पट्टी असते, तिच्या प्रत्येक फुगीर घुमटात कार्बनची काळी टिकली. ती बोर्डावरच्या काळ्या छापावर टेकली की सूर लागतो. हलक्या-जोरकस दाबाचा फरक ओळखणाऱ्या कीबोर्डात अशा दोन टिकल्या असतात; एक आधी टेकते, दुसरी नंतर, आणि मधल्या वेळेवरून जोर ठरतो. त्यातली एक मळली की पट्टी गप्प होते किंवा कितीही हळू दाबली तरी किंचाळते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, टिकली आणि छाप दोन्ही हलक्या हाताने पुसा, सुकू द्या. औषधाच्या दुकानातलं रंगीत स्पिरिट नको. खोडरबर, पॉलिश पेपर, पेट्रोल यांतलं काही नको, कारण कार्बनचा थर पातळ असतो आणि तो गेला की गेला. तेलाचा फवारा मारणाऱ्यांशी मी बोलतसुद्धा नाही.

प्रश्न : जुन्या कॅसिओला घरातला 9 व्होल्टचा अॅडॅप्टर चालेल का? पिन बरोबर बसते.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : पिन बसते म्हणून घात होतो. त्या काळच्या कॅसिओत पिनच्या आतल्या बाजूला ऋण असायचं; आजचे बहुतेक अॅडॅप्टर आत धन देतात. जॅकशेजारी छोटं वर्तुळ आणि अधिक-उणेची खूण आहे, ती आणि अॅडॅप्टरवरची खूण जुळली पाहिजे. व्होल्टही तिथेच वाचा, कारण सगळे कॅसिओ 9 व्होल्टचे नव्हते. खूण पुसली असेल तर सेलवर वाजवा.

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्राचा यामाहा डी-एक्स 7 सिंथेसायझर अजून चालतो, पण पडद्यावर बॅटरी बदलण्याची सूचना येते. वीज तर भिंतीतून घेतो. मग कुठली बॅटरी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आत 3 व्होल्टचा सीआर 2032 नाण्यासारखा सेल आहे. स्मरणातले 32 आवाज तो धरून ठेवतो. तो काढलात की आवाज गेले. कारखान्यातले आवाज फाइलींच्या रूपात आजही मिळतात. पण तुमच्या वादकाने रात्री जागून सनईच्या जवळ नेलेला आवाज असेल, तर तो जगात फक्त त्या एका पेटीत आहे. 1983 च्या या वाद्यात एका आवाजासाठी सहा ऑपरेटर, म्हणजे आवाज घडवणारे लहरींचे सहा घटक, 32 पद्धतींनी जोडता येतात. कानाने शोधलेली जुळणी पुन्हा सापडत नाही.

म्हणून आधी प्रत काढा. रॅम कार्ट्रिज, म्हणजे वाद्यात खोचायची आवाज साठवणारी डबी, असेल तर त्यात, नसेल तर मिडी केबलने, म्हणजे वाद्य संगणकाला जोडणाऱ्या तारेने, संगणकात. फंक्शनमध्ये जाऊन 8 नंबरचं बटण पुन्हा पुन्हा दाबा, ‘सिस इन्फो’ उपलब्ध करा, पुढच्या दाबाला ‘मिडी ट्रान्समिट’ विचारेल, ‘यस’ म्हणा. संगणकावरची फाइल खरोखर भरली का ते पाहा. मग प्लग काढून, थोडं थांबून झाकण उघडा. सेल पत्र्याच्या पायांनी डाखलेला असतो. नवा सेल थेट डाखू नका, उष्णतेने तो फुटू शकतो. होल्डर डाखा आणि सेल त्यात सरकवा, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंग आयर्न लागणार नाही. आवाज परत भरताना मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे स्मरणाचं कुलूप, काढायला विसराल तर वाद्य ते घेणार नाही, आणि तुम्ही केबलला शिव्या द्याल.

मिरजेत येणार असाल तर वाद्य घेऊन या. माझ्याकडे तंबोरेवाल्यांची गर्दी सकाळी असते, ते शेजारच्या सतारमेकरांचं गिऱ्हाईक, चुकून माझ्या दारात येतात. दुपारी या.

प्रश्न : सेल गळून कप्प्यात पांढरा भुगा झाला आहे. लिंबाने पुसायचं की सोड्याने?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : सेल कुठला यावर आहे. अल्कलाइन सेलमधून क्षार गळतो, त्याला लिंबू किंवा व्हिनेगर. साध्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लाकडे झुकते, त्याला खाण्याचा सोडा, पाण्यात कालवून. भुगा हातमोजे घालून कोरडाच झाडा, मग काडीने पुसा, शेवटी आयसोप्रोपिल. स्प्रिंग गंजली असेल तर मोडक्या टॉर्चची लावा. कप्प्यातून निघणाऱ्या लाल-काळ्या तारा थोड्या सोलून पाहा. गळती वेष्टनाच्या आतून पुढे सरकते. तांबं काळं दिसलं तर डाख धरणार नाही, तार पूर्ण बदला.