वाचक विचारतात: आयरिश बासरी कोणाकडून घ्यावी?

प्रश्न: मी भुसावळचा, रेल्वेत नोकरीला आहे. दहा वर्षं बांबूची बासरी वाजवतोय. आता आयरिश पारंपरिक संगीताचं वेड लागलंय आणि लाकडी बासरी घ्यायचीय. कोणी म्हणतं अमेरिकेतल्या पॅट ओल्वेलची घे, कोणी म्हणतं आयर्लंडमधल्या कॉर्कच्या हॅमी हॅमिल्टनची घे, आणि ऑनलाइन तर कारागिराचं नाव-गाव नसलेली शिसमची, चाव्यांसकट (भोकं उघडझाप करणारे धातूचे खटके) एकदम स्वस्तात मिळतेय. काय करू?

उत्तर: भाऊ, त्या स्वस्तातल्या शिसमचं आधी सांगतो कारण तो शहाणपणा मी करून बसलोय. दिसायला झकास, मखमली पेटी वगैरे, पण एकही चावी धड बसत नव्हती, हवा गळायची, त्यामुळे खालचा स्वर कधी लागलाच नाही. आणि मे महिन्यात एका दुपारी ती कूलर बंद असताना टेबलावर राहिली. संध्याकाळी पाहिलं तर तोंडाच्या भागाला केसाएवढी चीर, फुंकायच्या भोकापासून थेट सांध्यापर्यंत. त्या भागात आतून धातूची नळी असते, सूर जुळवायला ती सरकवतात. लाकूड सुकून आकसतं पण धातू काही आकसत नाही, मग लाकूडच फाटतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास, त्यात दिवसा कूलरची ओल आणि रात्री कोरडी हवा, वरून जून लागला की पावसाळी दमट, म्हणजे लाकडाचे हालच.

म्हणून माझं मत विचाराल तर पहिली बासरी डेलरिनची घ्या. डेलरिन म्हणजे काळं टणक प्लास्टिक, लेथवर लाकडासारखंच कातता येतं, चिरत नाही, तेल मागत नाही. अमेरिकेतल्या ओहायोचे कारागीर डेव्ह कोप्ली अशा बनवतात आणि त्या खेळण्यातल्या नाहीत, नीट कातलेलं खरं वाद्य असतं. लाकडाशिवाय आवाज येत नाही असं कोणी म्हणालं तर भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांचा 1971 चा प्रयोग सांगा, चांदी, तांबं आणि लाकूड अशा तीन बासऱ्या ऐकवल्या तर ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. फरक पडतो तो आतल्या पोकळीच्या आकाराने आणि फुंकायच्या भोकाची कड कशी कापलीय त्याने, आणि तिथेच कारागिराचा हात कळतो.

आता ओल्वेल का हॅमिल्टन, तर नाव बाजूला ठेवा आणि मॉडेल विचारा. 1847 मध्ये जर्मन बासरीकार बोहेमची नवी बासरी आली, ऑर्केस्ट्रावाल्यांनी हळूहळू जुन्या लाकडी बासऱ्या टाकल्या आणि त्या स्वस्तात आयरिश लोकांच्या हाती आल्या. आजचे कारागीर त्याच जुन्या बासऱ्यांवरून घडवतात. त्यातलं एक वळण लंडनच्या रुडॉल अँड रोज या बासरी बनवणाऱ्यांचं, त्या बासरीची भोकं लहान, आवाज जरा नाजूक आणि वळवावा तसा वळणारा. दुसऱ्या, प्रॅटन नावाच्या वळणाची भोकं मोठी, आवाज दणदणीत पण दम जास्त लागतो आणि बोटं ताणावी लागतात. तुमचा हात मोठ्या बासरीवर बसलेला असेल तर प्रॅटन जमून जाईल, नाहीतर रुडॉलच बरी. ऑस्ट्रेलियाच्या टेरी मॅकगी यांनी दोन्ही वळणांच्या बनवल्यात. नावाजलेल्या कारागिरांकडे वेटिंग लांबलचक असतं हेही धरून चला.

चाव्या नकोत, बिनचाव्यांची घ्या. बहुतेक जिग आणि रील (आयरिश नाचाच्या चाली) डी नाहीतर जी या पाश्चात्त्य पट्ट्यांमध्ये असतात, सहा भोकांत भागतं आणि चाव्यांनी किंमत कुठच्या कुठे जाते.

तुम्हाला एक आयता फायदा आहे. सगळी भोकं बंद केली की आयरिश बासरीत डी येतो, वरची तीन बंद केली की जी, म्हणजे ही आपल्या पांढरी 5 च्या (हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी सा धरलेल्या) बासरीचीच बोटं झाली, सगळी उघडी ठेवलीत तर तुमचा तीव्र मध्यमही तिथेच. फक्त डी मधली चाल वाजवताना तुमचा खालचा पंचम हाच सा धरायचा, याला महिनाभर डोकं चक्रावेल. आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, विसरा राव, तिथे बोट क्षणभर उचलून नाहीतर आपटून स्वर तोडतात.

ऑर्डरच्या आधी कारागिराला तुमच्या पांढरी 5 च्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून पाठवा, विशेषतः उजव्या हाताची शेवटची दोन. हाताला ताण येणार असेल तर चांगला कारागीर स्वतःच सांगतो.

प्रश्न: घरात ब्लॅकवूडची जुनी बासरी आहे, तेल कोणतं लावू? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर: ताई असाल की दादा माहीत नाही, पण बदामाचं तेल, अगदी थोडं, आतून फडक्याने, आणि रात्रभर मुरू द्या. चाव्या असतील तर त्यांच्या गाद्यांना तेल लागू देऊ नका. आफ्रिकन ब्लॅकवूड आपल्या शिसवाच्याच भावकीतलं, पण फार घट्ट लाकूड, फार पीत नाही. खोबरेल नको, थंडीत ते बाटलीतच थिजतं, बासरीतही तेच करेल.