दुखणं गेलं, पण पायातली चप्पल निसटते?

कमरेच्या मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकली, नस दबली, ऑपरेशन टळेल का, हे एवढंच फिरवून फिरवून इतके जण विचारतात की एकदाच लिहून टाकतो. हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू किंवा बंद करू नका, पायाला हात लावून तपासल्याशिवाय कोणीच नक्की सांगू शकत नाही.

प्रश्न : वय ३४, दिवसभर लॅपटॉपवर काम. कंबर दुखते म्हणून स्वतःच एमआरआय करून घेतला. एल४-एल५ आणि एल५-एस१ ला (कमरेच्या सगळ्यात खालच्या दोन गाद्या) बल्ज, म्हणजे गादीला फुगवटा, आलंय. ऑपरेशन लागेल का?

नुसत्या रिपोर्टवरून, नाही. २०१५ साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, तर विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांना बल्ज होतंच. कळ पोटरीपर्यंत जाते का, अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो का, हे कोणी बघितलंय का? नसेल तर आधी ते दाखवा.

प्रश्न : डिस्कचा तुकडा बाहेर आलाय, ३ आठवडे डाव्या पायात कळ आहे. ऑपरेशनशिवाय बरं होईल का? ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ओढणं) घेऊ का?

बऱ्याच जणांचं होतं. बाहेर आलेला तुकडा शरीरच हळूहळू शोषून घेतं, मोठा सुटा तुकडा तर जास्तच, त्यामुळे ताकद शाबूत असेल तर साधारण ६ ते १२ आठवडे गोळ्या, फिजिओ आणि झेपेल तेवढं चालणं यावर काढता येतात. महिनाभर झोपून राहू नका. हॉलंडमध्ये २००७ साली २८३ पेशंटचा अभ्यास आला, निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला पण वर्षाच्या शेवटी दोघं सारखेच, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे दोन्ही रस्ते खरे आहेत, तुमचा कुठला ते तपासणारा ठरवेल. ट्रॅक्शनने डिस्क आत जात नाही.

प्रश्न : एका सेंटरने मशीनवर २४ सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, आठवड्याला ३, ऑपरेशन टळण्याची गॅरंटी. ईएमआय पण आहे. घेऊ का?

२४ सिटिंग म्हणजे ८ आठवडे. ८ आठवड्यांत बऱ्याच जणांची कळ आपोआपच उतरते, ते वरती लिहिलंय, आणि नाही उतरली तर तुम्हाला अजून १२ सिटिंग सांगतील! पूर्वी पपईच्या चिकातलं कायमोपपेन नावाचं एंझाइम डिस्कमध्ये टोचायचे, त्याला अमेरिकेत १९८२ मध्ये रीतसर परवानगी होती, गुण पण यायचा, तरी अॅलर्जीचे आणि मज्जारज्जूला इजा झाल्याचे गंभीर प्रकार झाले आणि ते मागे पडलं. तपासून घेतलेल्या औषधाची ही गत आणि हे गॅरंटी देतात. गॅरंटी फ्रिजला असते.

प्रश्न : आईला शुगर आहे. कमरेत इंजेक्शन दिलं तर चालेल का?

चालतं, पण त्यात स्टिरॉइड असतं, साखर काही दिवस वर जाते, तेव्हा शुगरच्या डॉक्टरांना आधी विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती पण सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. आराम काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. तेवढ्या वेळात व्यायाम सुरू करायचा, त्यासाठीच ते असतं.

प्रश्न : वडील ५८, शेती करतात. पायात भयंकर कळ होती, गावातल्या माणसाने नस बसवली आणि ८ दिवसांत कळ गेली. फक्त डाव्या पायातली चप्पल चालताना निसटते आणि उंबऱ्याला बोटं अडकतात. दुखत नाही, तर ऊस गेल्यावर दाखवलं तर चालेल ना?

नाही. उद्या दाखवा, ऊस थांबेल.

हे मला सगळ्यात जास्त छळतं. दुखणं कमी झालं आणि त्याच वेळी ताकद पण कमी झाली तर त्याला बरं होणं म्हणत नाहीत, दबलेल्या नसेचं काम बंद पडत चाललंय असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि घरचे मात्र गुण आला म्हणून त्या माणसाला नारळ देऊन येतात. वडिलांना आधार धरून टाचांवर दहा पावलं चालायला सांगा, मग दोन्ही अंगठे वर करायला सांगून तुमच्या बोटाने खाली दाबून बघा, डावा लगेच पडला तर समजा. अशा प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही, थोडी कमजोरी भरूनही येते, पण ती मोजणारा आणि ठराविक दिवसांनी परत मोजणारा माणूस हवा. फार उशीर झाला तर ऑपरेशन करूनही पाऊल पूर्ण उचलेलच असं नाही. आणि लघवी अडकली, संडासवरचा ताबा गेला किंवा सायकलच्या सीटवर टेकतो तेवढी जागा बधिर झाली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलला. तिथे तासांचा हिशोब असतो, ४८ तासांच्या आत नस मोकळी करायला बघतात. लोक लाजेने सांगत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी येतात. अजून एक, दुखण्यासोबत संध्याकाळचा ताप आणि वजन उतरत असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो, तो मणका कोणी ओढला-दाबला तर काय होईल याचा विचार करा.

प्रश्न : कडक गादी की फरशी?

ज्यावर झोप लागते ती गादी. फरशीवरून उठताना जास्त हाल होतात.

प्रश्न : मानेतली नस दबलीये. सलूनमध्ये मान मोडून घेतो, बरं वाटतं. चालेल ना?

नाही. शर्टाची बटणं लावताना चाचपडायला होत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर याच आठवड्यात मणक्याच्या सर्जनला दाखवा. केस कापायला खुशाल जा, मानेला हात लावू देऊ नका.